पावसाळ्यात लंबकाचं घड्याळ मागे का पडतं?

कणकवलीकर_४२
आमच्या गावच्या घरी आजोबांच्या वेळचं चावीचं घड्याळ आहे, लाकडी पेटी, पितळी दांडी, खाली पितळेची गोल चकती. उन्हाळ्यात एकदम ठीक चालतं, आठवड्यात अर्धा मिनिट इकडे तिकडे. पण जून लागला की दिवसाला चार-पाच मिनिटं मागे! दरवर्षी हेच. आणि गणपतीत बाबा काहीतरी खुडबुड करतात मग परत लाईनीवर येतं. भाऊ म्हणतो पावसाळ्यात गारवा असतो म्हणून धातूवर परिणाम होतो. खरंच तापमानाने एवढा फरक पडतो का? की आता म्हातारं झालंय म्हणून सोडून द्यावं? टोले चुकले की आई सगळ्यांच्या डोक्यावर बसते म्हणून विचारतोय.

पाटणकर_काका
होतं असं. गारव्याने धातू आखडतो, घड्याळ मागे पडतं. आमचंही पडायचं. दमट हवा पण असते. जाऊ दे, मोबाईल बघायचा.

चावीवाला
काका रागावू नका पण उलटं झालं ते. गारव्याने दांडी आखडली तर लंबक आखूड होतो, आखूड लंबक भराभर हलतो, म्हणजे घड्याळ पुढे जायला पाहिजे. मागे पडतं ते उन्हाळ्यात.
आणि किती? पितळेची दांडी असेल तर एका डिग्रीला दिवसाला साधारण ०.८ सेकंद, लोखंडी असेल तर अर्धा सेकंद. कोकणात मे आणि जुलैत पाच-सहा डिग्रीचा फरक धरला तरी चार-पाच सेकंद झाले, मिनिटं नाही. घरातल्या अशा घड्याळाचा लंबक साधारण २५ सेंटिमीटर धरा, त्यात ५ डिग्रीने जो फरक पडतो तो डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्मा पण नाही. पाच मिनिटं मागे पडायला चकती जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर खाली यायला पाहिजे. ते हवेचं काम नाही हो, कोणाच्या तरी हाताचं आहे, नाहीतर तेल घट्ट झालंय. चकतीच्या खाली एक बारीक नट असतो तो बघा फिरलाय का. टिक आणि टॉक सारखं ऐकू येतं का तेही ऐका, लंगडत असेल तर पेटी भिंतीवर तिरकी झालीय.

आकाशगंगा
उष्णतेच्या नावाने बिल फाडायची सवय जुनी आहे :) १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला होता, विषुववृत्ताच्या जवळ. तिथे त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, शेवटी लंबक आखूड करावा लागला. उकाड्याने दांडी वाढली असेल असंच कोणालाही वाटेल ना, पण उकाड्याचा हिशोब केला तर दहा-पंधरा सेकंदच निघतात. न्यूटनने नंतर सांगितलं की बाकीचं गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे, पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे आणि फिरते पण. म्हणजे घड्याळ बिघडलं नव्हतं, पृथ्वीचाच आकार सांगत होतं. मला हा किस्सा फार आवडतो.

विदर्भातला_उन्हाळा
विषय निघालाच आहे तर सेलच्या घड्याळाचं सांगतो, कारण तिथे वेगळीच गंमत आहे. आत क्वार्ट्झचा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि तो साधारण २५ डिग्रीला खूश असतो. तिथून वर गेलात तरी मागे पडतो, खाली गेलात तरी मागेच पडतो, पुढे जातच नाही. आमच्याकडे नागपूरला मे मध्ये ४५ म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे, आणि ५ डिग्रीला पण तेवढंच. मनगटावर बांधलं तर अंगाच्या उबेने बरं चालतं, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर वाट लागते.

कणकवलीकर_४२
अरे सापडलं!! चावीवाला दादा, तुम्ही म्हणालात ना कोणाच्या तरी हाताचं काम, म्हणून आईला विचारलं. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर आगोटीची कामं काढतात, तेव्हा आई घरातली सगळी पितळेची भांडी आमसुलाने घासते, आणि त्यात घड्याळाची चकती पण काढून चकचकीत करते. परत लावताना खालचा नट कसातरी बसवते, "तो काय शोभेचा असेल" म्हणे! चतुर्थीला बाबा नट वर फिरवून ठीक करतात आणि आजपर्यंत दोघांनी एकमेकांना काही सांगितलेलं नाही. वीस वर्षं पावसाला शिव्या दिल्या आम्ही.
काल अडीच फेरे वर फिरवला, आज सकाळपर्यंत फक्त २० सेकंद मागे.

चावीवाला
वा. आता अर्धा फेरा पण नको, अगदी थोडासा फिरवा, आणि दोन दिवस थांबून बघा, रोज खुडबुड केली तर कधीच लागणार नाही. नट आत्ता कुठे आहे तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, पुढच्या मे मध्ये लागेल.

पाटणकर_काका
आमच्याकडे पण आमसूल होतं.