बेसमेंटमधल्या ईव्हीसाठी कोणतं अग्निशामक सिलेंडर घ्यावं?

वाकडचा सेक्रेटरी: सोसायटीच्या बेसमेंटमध्ये बऱ्याच ई-स्कूटर आणि तीन ईव्ही कार चार्जिंगला लागतात. भिंतीवर 6 किलोचे एबीसी (कोरड्या पावडरचे) सिलेंडर आहेत. विक्रेता म्हणतो, लिथियमला 'डी क्लास'च लागतो. घ्यावा का?

फायर_सेफ्टी: पैसे वाया जातील. डी क्लास हा मॅग्नेशियम, सोडियमसारख्या धातूंच्या आगीसाठी. लिथियम-आयन सेलमध्ये धातुरूपातलं लिथियम जवळपास नसतंच, पेटतो तो इलेक्ट्रोलाइटमधला द्रावक. एबीसीने ज्वाळा बसते, पण सेल थंड होत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो आणि पुन्हा भडका उडतो. थंड करायला पाणीच हवं. गोची अशी, की बॅटरी पॅक सीलबंद आणि कारच्या तळाशी, त्यामुळे पाणी आत पोचत नाही. टेस्लाच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत एका कारसाठी 11 ते 30 हजार लिटर पाण्याचा आकडा आहे. तुमच्या होज रीलला मिनिटाला 30 लिटर धरले तरी कमीत कमी सहा तास! एबीसी मात्र काढू नका. चार्जर किंवा वायरिंग पेटलं, तर आग बॅटरीपर्यंत जायच्या आत तोच कामाचा.

बॅटरीवाला_भोसरी: पॅकमधून फुसफुस आवाज आणि पांढरा धूर आला, की सिलेंडर शोधत बसू नका. ती पाण्याची वाफ नव्हे. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असतो. बेसमेंटमध्ये साठला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट. शिवाय विषारी हायड्रोजन फ्लोराइड, त्यापुढे कापडी मास्क निरुपयोगी. चार्जिंगचा मेन बंद करायचा तो बेसमेंटबाहेरच्या पॅनेलवरून. माणसं जिन्याने बाहेर, मग 101. फोनवर 'ईव्ही आहे, बेसमेंटमध्ये आहे, चार्जिंगला होती' हे आधी सांगा.

वाकडचा सेक्रेटरी: आमच्या बहुतेक स्कूटरच्या बॅटऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहेत. तरीही?

बॅटरीवाला_भोसरी: एलएफपी बिघडायला जास्त तापमान लागतं, भडकाही कमी. पण ज्वलनशील वायू सुटतोच, आणि ज्वाळा नसली की लोक जवळ जातात.

फायर_सेफ्टी: विझलेली गाडीही परत बेसमेंटमध्ये ढकलू नका, तासांनी काय, दिवसांनीही पेटते. उघड्यावर, चहूबाजूंनी 15 मीटर मोकळी जागा ठेवून उभी करा. सिलेंडरच्या पैशांत चार्जिंग पॉइंट रॅम्पच्या तोंडाशी किंवा उघड्या पार्किंगमध्ये हलवता येतात का, ते एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मांडा. जिन्याच्या दाराजवळचा पॉइंट सगळ्यात आधी काढा.