अनुभव धागा: दहावीचा निरोप समारंभ नीट कसा पार पाडावा?

मंडळी, मुंबईतल्या शाळांत जानेवारी लागला की नववीची मुलं आणि दहावीचे वर्गशिक्षक एकाच कामाला जुंपलेले असतात: सेंड-ऑफ. ज्यांनी तो अनेकदा उभा केला आहे, त्यांनी इथे लिहावं. 'आमच्या वेळी किती रडलो' यासाठी वेगळा धागा काढू. इथे मापं, वेळा, खर्च आणि कुठे माती खाल्ली जाते ते सांगा.

वर्गशिक्षिका, दादर

सर्वांत आधी तारीख. पूर्वी बोर्डाची लेखी परीक्षा १ मार्चच्या आसपास सुरू व्हायची, त्यामुळे फेब्रुवारीचा पहिला आठवडा मोकळा मिळायचा. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्याआधी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा असतात. म्हणजे पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले की जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडाच उरतो, आणि त्यातही २६ जानेवारीच्या संचलनाच्या तालमींना मैदान गेलेलं असतं. सभागृह डिसेंबरातच लिहून ठेवा. रविवार घेऊ नका, मेगाब्लॉक असला की कल्याण-पनवेलकडून येणारे शिक्षक तासभर उशिरा पोचतात.

दुसरं म्हणजे दोन सत्रांच्या शाळेत घड्याळच मुख्याध्यापक असतं. दुपारचं सत्र साडेबाराला भरत असेल तर बारा वाजता सभागृह झाडून रिकामं हवं. मग उलटं मोजत या: सव्वाअकराला खाणं, नऊला कार्यक्रम, आठला फोटो. ६० मुलांना हातात भेट द्यायची तर प्रत्येकी दहा सेकंद धरून दहा मिनिटं जातात, हे कार्यक्रमपत्रिकेत कुणीच धरत नाही.

मनोगतं पाच पुरेत. दोन मिनिटांचं मनोगत म्हणजे साधारण सव्वादोनशे शब्द, कागदाची एक बाजू. येण्याजाण्यात, माइक खालीवर करण्यात आणखी मिनिट जातं, म्हणून पाच जणांना पंधरा मिनिटं धरा. पाचांतली किमान दोन मुलं अशी निवडा जी दहा वर्षांत एकदाही स्टेजवर चढली नाहीत. वक्तृत्ववाले तसेही बोलतातच.

शाळांचे ग्रुप फोटो काढणारा, परळ

५८ मुलं आणि ९ शिक्षक, एकूण ६७ डोकी, ही रचना घ्या: जमिनीवर १४, खुर्च्यांवर १३ (मध्ये शिक्षक, दोन्ही टोकांना दोन-दोन मुलं), मागे उभे १९, त्यांच्यामागे बाकांवर २१. एका बाकावर तिघं, म्हणजे सात बाक. बसायचा आणि लिहायचा भाग जोडलेले उतरते बाक चालत नाहीत, पाय घसरतो. सपाट बाकच आणा आणि शेजारशेजारचे पाय सुतळीने बांधा. उंचीचा क्रम आदल्या दिवशी पीटीच्या तासाला लावून यादी करा. त्या दिवशी लावायला बसलात तर पाऊण तास गेला आणि ऊन डोक्यावर आलं.

मुलांच्या डोळ्यांत ऊन नको. सकाळी आठला इमारतीची सावली जिथे पडते तिथे सगळे बसवा. अर्धे सावलीत, अर्धे उन्हात हा सर्वांत वाईट प्रकार, कारण एक बाजू काळी पडते नाहीतर दुसरी पांढरी जळते. अगदी जवळून वाइड लेन्सने काढलं की टोकाच्या मुलांची डोकी दुधीभोपळ्यासारखी ताणली जातात. मागे सरकायला जागा ठेवा, बारा-पंधरा पावलं. इतक्या डोक्यांत कुणीतरी डोळे मिटतोच, म्हणून कमीत कमी आठ फ्रेम.

आणि नावं! फोटोखाली 'डावीकडून उजवीकडे' छापतात ते बघणाऱ्याच्या डावीकडून. रांगेत कागद फिरवला तर मुलं स्वतःच्या डाव्या हाताकडून लिहायला सुरुवात करतात आणि अख्खी रांग उलटी छापली जाते. एका माणसाने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून, रांगा मोडायच्या आत नावं उतरवायची. दुसरा उपाय नाही.

नववीची पालक, गिरगाव

फिशपाँडबद्दल, म्हणजे एकमेकांची गंमत करणाऱ्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचतात त्याबद्दल, कुणी लिहिलं नाही अजून? खरा घोळ तिथेच असतो.

चिठ्ठ्यांचा डबा दोन आठवडे आधी ठेवा, तीन दिवस आधी बंद करा. निवडायला दोन शिक्षक आणि दोन मुलं, चौघांपैकी एकालाही खटकली तर ती चिठ्ठी बाद, चर्चा नाही. रंग, जाडी, उंची, आडनाव, जात, बोलण्यातला अडखळा, मार्क आणि मुलामुलींच्या जोड्या हे सरसकट बाद. एवढं गाळल्यावर निम्म्या चिठ्ठ्या जातात, मग उरतं काय? सवयी उरतात. डबा, उशीर, खिडकी, खोडरबर.

> बाई म्हणाल्या शोधा क्ष,
> याचं खिडकीबाहेर लक्ष!

असलं चालतं, कारण त्यात तो मुलगाही हसतो.

आता हजेरीपट घ्या आणि प्रत्येक नावापुढे खूण करा. लोकप्रिय मुलांवर दहा-दहा चिठ्ठ्या असतात आणि पंधराएक मुलांवर एकही नसते. प्रत्येकाला एकच, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी त्याच्या बाकावरच्या सोबत्याकडून लिहून घ्या, शिक्षकांनी लिहिलेली लगेच ओळखू येते. ६० चिठ्ठ्या, वाचायला वीस सेकंद म्हटलं तरी हशा धरून अर्धा तास. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी मोठ्याने एकदा वाचलंच पाहिजे. यमकाआधी अडखळला की विनोद मेला.

केटरिंगवाली, लालबाग

मोजताना शिपाईमामा, मावशी, वॉचमन आणि राबणारी नववीची पोरं विसरतात. दोन तुकड्यांची ११६ मुलं, २२ शिक्षक, ९ कर्मचारी, २० स्वयंसेवक: १६७. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे १९२, बरोबर १६ डझन वडापाव. बेकरीला पाव सांगताना लाद्या नाही, नग सांगा. लादी सगळीकडे सारख्या पावांची नसते.

वडे शेवटच्या घाण्यासकट साडेदहाला तळून संपले पाहिजेत, पण गरम असताना बंद डब्यात कोंबू नका. वाफ धरली की अर्ध्या तासात आवरण चामड्यासारखं होतं. वेताच्या टोपलीत कागद, वरून सुती कापड. ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी सातला वाटली तर खाण्याच्या वेळेपर्यंत आंबूस लागते, त्यापेक्षा सुकी लसणाची बरी. कोकम सरबताच्या एक लिटर सिरपमध्ये चार लिटर पाणी, १२० मिलीच्या पेल्याने चाळीस पेले. पाच बाटल्या घ्या, मीठ आणि जिरेपूड वेगळी. पोहे नको. शंभर माणसांना पाच-सहा किलो लागतात, आणि भाषणं लांबली की त्यांचे दगड होतात. भाषणं लांबतातच.

माजी ग्रंथपाल, विलेपार्ले

स्मरणिका काढणार असाल तर पानं चारच्या पटीत ठेवा. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेत १४ पानं होत नाहीत, १२ किंवा १६. मजकूर युनिकोडमध्ये टाइप झालेला असतो आणि छापखान्यात जुना फॉन्ट, त्यामुळे रूपांतरात 'र्‍या', 'क्ष', रफार आणि पोटफोड्या 'ष' यांची वाट लागते. छापायला फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्या, आणि नावांची यादी छापलेल्या नमुन्यावरून बोट ठेवून वाचा, स्क्रीनवरून नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले फोटो छपाईत भुरकट येतात, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

दहावीचे पालक, भांडुप

गुलाबांबद्दल. दादरच्या फूलबाजारात पहाटे गेलात तर गड्डीने मिळतात. गड्डी बहुधा वीसची येते, पण मोजून घ्या. समारंभ ७ ते १४ फेब्रुवारीत ढकलला गेला तर भाव ऐकूनच परत याल, तेव्हा झेंडू-शेवंतीची छोटी जुडी करा. गुलाब आणल्या आणल्या देठ तिरका कापून बादलीत, काटे चिमट्याने काढायचे. पहिलीची मुलं हातात देणार असतील तर हे विसरू नका.

पैशांचं: वर्गात उभं करून वर्गणी मागू नये. रक्कम एका पालकाच्या खात्यात, हिशेब दोघांकडे. कुणी दिले नाहीत हे फक्त त्या दोघांना कळावं. आणि भेटवस्तू म्हणून पुन्हा भिंतीवरचं घड्याळ देऊ नका, शाळेत घड्याळांचं दुकान झालंय.

वर्गशिक्षिका, दादर

वरचं वाचून दोन गोष्टी आठवल्या. शर्टावर सह्या घेण्याचं खूळ आता सगळीकडे आहे. बऱ्याच शाळा बोर्डाच्या परीक्षेलाही गणवेश घालायला लावतात, म्हणून सह्यांसाठी आठवीतला तोकडा झालेला शर्ट आणायला आधीच सांगा. आत पुठ्ठा घातला नाही तर मार्करची शाई पाठीच्या बाजूला उतरते.

माइक: स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे ठेवला की शिट्टी वाजते. कॉर्डलेसचे सेल नवे घाला आणि वायरचा एक माइक जोडून तयार ठेवा.

शाळेचा लिपिक, कुर्ला

मी कार्यक्रमात नसतो, पण हे वाचा. समारंभाच्या दिवशी सगळी मुलं एकत्र असतात, असं पुन्हा होत नाही. त्याच दिवशी जनरल रजिस्टरची (शाळेच्या प्रवेशनोंदवहीची) नोंद प्रत्येकाला दाखवून सही घ्या: विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हेच उतरतं. मूल शाळेत असेपर्यंत कागदपत्रं जोडून शिक्षण निरीक्षकांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती करायला फेऱ्या मारून चप्पल झिजते. हॉल तिकीट हाती आलं की नाव, विषय, माध्यम आणि फोटो बघा. मुख्याध्यापकांची सही-शिक्का त्यावर आहे का तेही बघा.

एक वही ठेवा, मुलाचा आणि घरचा असे दोन नंबर लिहून घ्या. मुलं सुट्टीत सिम बदलतात आणि निकालानंतर गुणपत्रिका न्यायला या म्हणून कुणाला फोन करायचा ते आम्हाला कळत नाही. वही कार्यालयातच राहील, ग्रुपवर टाकायची नाही.

नववीची पालक, गिरगाव

लिपिकसाहेब, वहीचं टेबल खाण्याच्या रांगेच्या आधी लावा. वडापाव हातात पडल्यावर कुणी सही करायला थांबत नाही.