डनॉलीला कॅम्पिंग + सोनं शोधणं, साधा मेटल डिटेक्टर चालेल का?

मेलबर्नचा_भाऊ: मंडळी, ईस्टरला डनॉलीजवळ (ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातलं जुनं सोन्याच्या खाणींचं गाव) तंबू ठोकायचा विचार आहे, म्हटलं जातोच आहोत तर सोनंही शोधून बघू. बीचवर नाणी शोधायचा स्वस्तातला डिटेक्टर आहे, तो चालेल का? परवानगी लागते का?

रानभूल: आधी माइनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) काढ, ऑनलाइन मिळतो, व्हिक्टोरियात १० वर्षं चालतो. पण तो असला तरी बहुतेक नॅशनल पार्कांत खणता येत नाही, काहींत फक्त ठरावीक भागातच चालतं, नकाशा बघून जा. आणि खड्डे बुजवायचे बरं का!

जुना_खोदकाम्या: तिथली माती लोहाने भरलेली, साधं मशीन नुसतं केकाटत बसतं, पल्स इंडक्शनवालं (अशा लोहाच्या मातीतही नीट चालणारं) लागतं आणि ते जाम महाग, त्यामुळे पहिल्यांदा भाड्यानेच घे. मला दोन दिवसांत काय मिळालं तर खिळे, छर्रे आणि कॅनची झाकणं. पण १९८० ला तिथून जवळच किंगोवरला एकाला डिटेक्टरनेच २७ किलोचा सोन्याचा गोळा सापडला होता, 'हँड ऑफ फेथ'. अंधारात मात्र भटकू नको, जुन्या खाणींचे उघडे खड्डे आहेत.

मेलबर्नचा_भाऊ: २७ किलो!! बायकोला एवढंच सांगतो, छर्ऱ्यांचं नको 😄