'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मधला लेक्स लुथर : नट चुकला की पिच्चर चुकला?

खानापूरकर_८८ :
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारपासून आमच्या ग्रुपात एकच वाद चाललाय आणि मिटायचं नाव नाही, म्हणून इथं विचारतो. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये लेक्स लुथरच्या, म्हणजे सुपरमॅनच्या पक्क्या वैऱ्याच्या रोलला जेसी आयझेनबर्गला घेतलेलं, ते चुकलेलं की नाही?

माझं मत आधी सांगतो. २०१६ च्या मार्चमध्ये बेळगावला येऊन पहिल्याच आठवड्यात बघितलो होतो, हिंदी डबिंगमधला, आणि खानापूरला परत येईपर्यंत बसमध्ये आम्ही तिघं फक्त लेक्सवरच बोलत होतो, बॅटमॅनवर कुणी नाही. मग २०२५ ला नवीन 'सुपरमॅन' आला, त्यात निकोलस होल्ट लेक्स झालाय, तो बघितलो आणि जुनी खपली परत निघाली. म्हणून रविवारी मित्राकडं बसून जुना पिच्चर इंग्लिशमध्ये परत लावला. मत तेच राहिलं.

लेक्सकडं अंगातली ताकद नाहीच, त्याच्याकडं डोकं आणि पैसा. पण मग सुपरमॅनसमोर उभा राहिला की त्याचं वजन पडायला नको काय? १९७८ च्या पिच्चरमधला जीन हॅकमन विनोदी होता, तरी तो बोलायला लागला की बाकीचे आपोआप बाजूला सरकायचे. आयझेनबर्ग मात्र हात नाचवतोय, मधेच खिदळतोय, पार्टीत माइकसमोर भाषण करताना अडखळतोय आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून तोंड वाकडं करतोय. कॉमिक्समध्ये १९४० पासूनचं पात्र आहे हे, ८६ नंतर तर मोठा उद्योगपतीच केला त्याला, अख्खं शहर ज्याला मान देतंय असा माणूस. हा पोरगा त्यात कुठं बसतो? रॅझी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट कामाचं बक्षीस, तेसुद्धा त्याला मिळालं ह्या रोलसाठी.

मित्र म्हणतो नटाचा दोष नाही, लिहिलंच तसं होतं. हे कसं ओळखायचं सांगा. मला हे खरंच समजून घ्यायचंय, कारण आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकाचं पात्रवाटप यंदा माझ्याकडं आलंय आणि खलनायक अजून ठरेना.

टिळकवाडी_टॉकीज :
भावा, तुझ्या मित्राचं बरोबर आहे आणि मी हे २०१६ पासून सांगत आलोय.

पहिली गोष्ट, तो तुझा कॉमिक्समधला लेक्स नाहीच. पिच्चरमध्ये तो स्वतः सांगतो की कंपनीच्या नावातला लेक्स म्हणजे त्याचा बाप. हा त्या बापाचा पोरगा, लहानपणी मार खाल्लेला, वर बघून देवाला हाका मारलेला आणि कुणी वाचवायला आलं नाही म्हणून आकाशातून उडत येणाऱ्या माणसावर खार खाऊन असलेला. अशा माणसाचं बोलणं सरळ कसं असणार? दुसरी गोष्ट, त्याला घेतलंय कशासाठी ते बघ. 'द सोशल नेटवर्क'मध्ये (२०१०) तो फेसबुकवाला झाला होता, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेलं. जगातली सगळी माहिती ज्याच्या हातात आहे असा तरुण कंपनीमालक, चप्पल घालून मीटिंगला येणारा, आपल्याला आज भीती वाटते ती असल्या माणसाची. सिगार ओढणाऱ्या टकल्या शेठची भीती आपल्या वडिलांच्या पिढीला होती.

आणि तू बघितलास ते थेटरवालं की मोठं? थेटरमध्ये १५१ मिनिटांचा लावलेला, नंतर १८२ मिनिटांचा काढला. त्या मोठ्यात कळतं की आफ्रिकेतल्या प्रकरणात सुपरमॅनच्या विरोधात साक्ष देणाऱ्या बाईला धमकावून खोटं बोलायला लावलेलं असतं. हे कापल्यामुळं थेटरमध्ये लेक्स नुसता येडा वाटला, खरं तर तो सगळं मांडून बसलेला असतो. अर्धा तास कापायचा आणि नटाला रॅझी द्यायची, हा अन्याय आहे.

निपाणीची_मेघा :
मी मोठा पण बघितलाय दादा, दोनदा. कट समजतो, डाव समजतो, पण भीती काही वाटत नाही. कट समजणं वेगळं.

एक मात्र मान्य की हिंदी डबिंगनं त्याचं फार नुकसान केलं. आमच्याकडं इंग्लिश पिच्चर म्हटलं की हिंदीतच यायचा, कन्नड डबिंग तर कितीतरी वर्षं होऊच देत नव्हते. आयझेनबर्गचं सगळं काम त्या अडखळण्यात आहे, एका दमात दहा शब्द आणि मग एकदम गप्प. डबिंगवाल्याला ओठ जुळवायचे असतात, त्यामुळं तो त्या गप्प बसण्यातसुद्धा काहीतरी हसून भरतो. तेव्हा हिंदीत बघितलेल्यांनी एकदा मूळ ऐकावं आणि मग बोलावं.

पण खानापूरकर, होल्टचं तुम्ही नुसतं नाव घेऊन सोडलात. त्यातला फलाफलवाल्याचा सीन आठवतोय का? गाडीवर खाणं विकणारा साधा माणूस, एकदा सुपरमॅनला फुकट खायला दिलेला, एवढाच त्याचा गुन्हा. लेक्स त्याला सुपरमॅनच्या समोर बसवतो, पिस्तुलात एकच गोळी, चक्र फिरवतो आणि प्रश्न विचारत विचारत खटका ओढतो. आवाज चढवत नाही. मी थेटरमध्ये धाकट्या भावाचा हात धरला होता. हा होल्ट सुपरमॅनच्या रोलसाठी ऑडिशन देऊन आलेला, म्हणजे चेहरा हिरोचा, तरी जमलं. हीथ लेजरच्या वेळी पण लोक हेच म्हणत होते, रोमँटिक पोरगा बॅटमॅनचा वैरी जोकर कसा होणार, आणि २००९ ला ऑस्कर मिळाला, तो गेल्यावर. म्हणजे चेहऱ्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून मी आयझेनबर्गला चेहऱ्यावरून नाही, कामावरून नापास करते.

सुळग्याचा_मामा :
पोरांनो, मी ते कॉमिक्स वाचलेला माणूस नाही. पण यात्रेच्या नाटकात अठ्ठावीस वर्षं खलनायक केलोय, म्हणून दोन शब्द सांगतो. पिच्चर दोन्ही मुलानं लावून दाखवलाय.

पहिल्यांदा मला सावकार दिले तेव्हा मी तेवीस वर्षांचा, अंगावर मांस नाही, पन्नास किलो भरलो असेन नसेन. तालमीला बसलेली मंडळी म्हणालीत, हा कसला सावकार, ह्याला बघून कोण भिणार? आमचे बसवणारे गुरुजी मराठी शाळेचे. त्यांनी मला काहीही बदलायला सांगितलं नाहीत. मिशी मोठी लाव म्हणाले नाहीत, आवाज वाढव म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या गड्याचं काम करणाऱ्याला बाजूला घेतले. तो कुस्तीतला पोरगा, माझ्या दुप्पट. त्याला सांगितले, सावकार आत आला की तुझ्या हातातला तांब्या खाली ठेवायचा नाही. तो बसेपर्यंत धरून उभा राहायचा, हात दुखू देत. बस्, एवढंच.

यात्रेदिवशी मी आत आलो, पान चघळत गावाकडं बघत उभा राहिलो, आणि तो एवढा मोठा पैलवान भरलेला तांब्या धरून उभा, पाणी थोडं हिंदकळालंय पण ठेवायची हिंमत नाही. पुढं बसलेल्या बायका एकदम गप झाल्यात. दुसऱ्या दिवशी देवळात एक आजी माझ्या हातचा प्रसाद घेईनात. मी काहीच केलो नव्हतो, जे केलं ते त्या पैलवानानं.

निळू फुल्यांचं बघा. अंगापिंडानं किरकोळ माणूस, खऱ्या आयुष्यात सेवादलातला, सज्जन. 'सामना'त हिंदुराव धोंडे पाटील झाले तर सगळा गाव त्यांच्या शब्दाबाहेर जाईना हे आपल्याला त्या गावाकडं बघून कळतंय.

आता तुमचा तो लेक्स. एका ठिकाणी तो एका सिनेटरच्या तोंडात आपल्या हातानं खायची गोळी घालतोय, लिमलेटसारखी. तो सिनेटर वयानं मोठा, मानाचा, आणि तो गोळी थुंकत नाही! तोंडात धरून उभा राहतोय. तिथं मला तो पोरगा पक्का खलनायक वाटला, हसत असला तरी. दुसरं, ती सिनेटर बाई, सुनावणीत बोलता बोलता तिला टेबलावर बरणी दिसते, पीच टी लिहिलेली, आणि तिला लेक्सबरोबर आधी झालेलं बोलणं आठवतंय, तोंडातला शब्द तुटतोय, ती लेक्सच्या खुर्चीकडं बघते तर खुर्ची रिकामी. लेक्स तिथं नाहीच बघा. तरी पूर्ण पिच्चरमध्ये सगळ्यात जास्त तिथं भ्यालो मी.

आणि जिथं फसलंय तेही सांगतो. गच्चीवर सुपरमॅनला त्याच्या आईचे फोटो दाखवतोय तिथं. एवढा ताकदीचा माणूस आईसाठी गुडघे टेकतोय, आता गप बसायचं की नाही? ती भीती आमच्यात उतरायला दोन घटका तरी पाहिजेत. पण हा पोरगा फिरतोय, बोलतोय, परत बोलतोय. हे नटाचं आहे की बसवणाऱ्याचं आहे ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर बसवणाऱ्याचं. नट अंगात आला की थांबत नसतोय, त्याला थांबवायला बाहेर माणूस लागतोय.

टिळकवाडी_टॉकीज :
मामा, ती गोळीवाली गोष्ट मी कधी अशी बघितलीच नव्हती. आता परत लावतो.

मेघाताई, कामावरून नापास म्हणालात, पण हे काम तर दोन्ही सीनमध्ये तोच करतोय की.

निपाणीची_मेघा :
गोळीच्या सीनला पास, मामांमुळं. गच्चीला नापासच. अख्ख्या पिच्चरचा शेवट त्या गच्चीवर टेकलाय, तिथं नापास झाला तर बाकीचे मार्क घेऊन काय करू? आणि बसवणारा कितीही म्हणो, नटाला स्वतःला पण कळायला पाहिजे कुठं गप बसायचं ते. होल्टला कळलं की.

खानापूरकर_८८ :
मामा, रात्री तुमचं वाचून तो गोळीचा सीन चार वेळा बघितलो. तो सिनेटर गोळी गालात धरून उभा राहतो तेव्हा त्याचे डोळे बघा, ओठ मिटलेले पण हसायचं का रागवायचं तेच त्याला कळत नाही. खरंय तुमचं. 'ह्याला घ्यायलाच नको होतं' हे माझं वाक्य मी मागं घेतो. गच्चीबद्दल मात्र मी मेघाताईंच्याच बाजूला.

आता नाटकाचं. खलनायकाला माझ्या डोक्यात एक जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस होता, सगळ्यांनी त्याचंच नाव सुचवलेलं. दुसरा एक पोरगा आहे, उद्यमबागेत कारखान्यात कामाला, सडपातळ, हळू बोलतो, डोळा न हलवता बघतो. त्याला मी दुय्यम रोल देणार होतो. आता दोघांची अदलाबदल करून बघतो, जाडजूड माणसालाच गडी करतो. त्याच्या हातात काय द्यायचं ते अजून सुचलेलं नाही, आमच्या नाटकात सावकार नाही, गावचा चेअरमन आहे. मामा, तालीम बुधवारपासून, पोराची शिफ्ट सुटून तो आला की साडेसातला सुरू करतो. एक दिवस याल काय? गाडी पाठवतो सुळग्याला.

सुळग्याचा_मामा :
येतो की. चेअरमनच्या नाटकात छत्री दे त्याच्या हातात, मिटलेली. चेअरमन बसल्याशिवाय टेकवायची नाही म्हणून सांग. बाकी आल्यावर बघू.