आरव्हीतला रणरणता दिवस: तुम्ही कसा काढलात?

लोकहो, आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, सहलींचे फोटो सगळेच दाखवतात. दुपारी दोनला त्याच गाडीच्या आत काय चाललेलं असतं ते मात्र कुणी सांगत नाही. पारा ४०च्या पुढे, डोक्यावर तापलेलं छप्पर आणि आत चार माणसं, असा एखादा दिवस तुम्ही कसा काढलात ते लिहा. मोटरहोम असो, मागे जोडलेली कॅरॅव्हॅन असो, नाहीतर व्हॅनमध्ये गादी टाकून केलेली सोय असो. "भरपूर पाणी प्या, टोपी घाला" हे मात्र नको, ते आईनं सांगून झालंय.

सुरुवात मीच करतो. उन्हाळ्यात आमची गाडी उजाडताना हलते आणि अकराच्या आत मुक्कामाला लागते. सूर्योदयाची हौस वगैरे काही नाही, सगळं एसीसाठी. छतावरचा एसी आत ओढलेली हवा साधारण ९ ते १२ अंशांनी गार करून परत सोडतो, त्याची ताकद तेवढीच. आत २६ अंश असताना लावला तर १५-१६ची मस्त झुळूक येते. बंद गाडी ४५वर पोचल्यावर लावला तर ३४ची येते, आणि मग लोक एसी बिघडला म्हणून बोंब मारतात. बऱ्याच गाड्यांच्या भिंती जेमतेम दोन इंच जाड असतात. गाद्या, कपाटं, भांडी, सगळं तापून बसलेलं असतं, ते निवायला संध्याकाळ उजाडते (उजाडतेच म्हणायला हवं!). म्हणून पोचल्या पोचल्या, अजून गरज वाटत नसतानाच एसी सुरू करायचा.

दुसरं म्हणजे गाडी लावताना दुपारी ऊन कुठून येणार ते आधी बघायचं, नळ जवळ आहे की लांब ते नंतर. पुढची मोठी काच पश्चिमेला आली की संपलंच. काचेचं चंदेरी आवरण शक्यतो बाहेरून लावा. आतून लावलं तर तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. आणि गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारी खोली असेल तर दुपारपुरती आत घ्या. दाटीवाटीनं बसावं लागतं, कुरबुरी होतात, पण गार लवकर होतं.

*

एसीला +१. पण त्याला वीज कुठून येते तेही बघा. कॅम्प गच्च भरलेला, आणि दुपारी तीनला झाडून सगळ्यांचे एसी चालू. आमचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे मिणमिणायला लागले, आवाजही नेहमीचा नव्हता, कण्हल्यासारखा येत होता. मीटर लावून पाहिलं तर व्होल्टेज पार खाली. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. वायर, प्लग, सॉकेट सगळंच तापतं. ब्रेकर पाडून प्लग उपसला तेव्हा एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि जळका वास येत होता. व्यवस्थापकांचं म्हणणं, "आजवर कुणाची तक्रार नाही."

आता कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं यंत्र मध्ये लावलंय. ते नसेल तर साधा नियम: नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा दहा टक्के खाली गेलं की एसी बंद, पंखा चालू. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह, किटली, पाण्याचा हीटर यांना हात लावायचा नाही. जास्तीची केबल वेटोळं करून ठेवू नका, पूर्ण उलगडा. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही.

*

आम्ही व्हॅनवाले, वीज-पाण्याच्या कनेक्शनशिवाय राहणारे. "सोलर आहे ना, मग एसी लावा की" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. छतावरचा एसी १५०० वॅटच्या आसपास ओढतो. पाऊण तासात खेळ खल्लास. वर पॅनेल जितकं तापतं तितकी त्याची वीज कमी होते, म्हणजे कडक ऊन आणि भरपूर वीज हे समीकरणही तितकंसं खरं नाही.

आमचा उपाय वेगळा: चढावं. दर १००० मीटर उंचीला साधारण ६ अंश कमी होतात. खाली ४१ असताना आम्ही डोंगरात ३०मध्ये पत्ते कुटत होतो.

*

चढावं म्हणणं सोपं आहे हो. मागे कॅरॅव्हॅन जोडलेली असताना भर दुपारी घाट चढून बघा. आमच्या इंजिनाचा काटा लालाकडे सरकायला लागला तेव्हा नवऱ्यानं एसी बंद करून हीटर पूर्ण लावला. खिडक्या सताड उघड्या, पायांवर भट्टी, मागून लेकीचा आरडाओरडा. पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो, त्यामुळे काटा खरंच खाली आला. खालच्या गिअरमध्ये हळूहळू चढवत पहिल्या रुंद जागेला थांबलो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. थोडक्यात, घाट पहाटेच चढावा.

*

फ्रीजबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? गॅसवर चालणाऱ्या फ्रीजमध्ये घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण ज्योतीनं तापवून तो गार होतो आणि मागच्या नळ्यांची उष्णता बाहेरच्या जाळीतून निघून जावी लागते. ती बाजू उन्हात आली की फ्रीज हार मानतो. आमचा ४वरून ११ अंशांवर गेला होता, दूध नासलं. मागच्या पोकळीत, वरच्या जाळीजवळ १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवल्यावर बराच फरक पडला. गाडी समतल उभी हवी, नाहीतर आतलं द्रावण नीट फिरत नाही. आणि शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात ना, हवा ३२च्या पुढे असेल तर एकच तास धरा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीच्या कप्प्यात ठेवू नये. वापरातलं पेनसुद्धा ३० अंशांच्या आत लागतं.

*

माझा अनुभव जरा वेगळा, लांबलचक आहे.

सासरे सोबत होते, सत्तरीच्या पुढचे. दुपारी आम्ही सगळे पुढच्या गार भागात. बाबांना मात्र एसीची हवा अंगावर नको, म्हणून ते मागच्या खोलीत दार लोटून, खिडकी उघडून आडवे झाले. चारच्या सुमाराला हाक मारली तर "आलो" म्हणाले आणि आलेच नाहीत. जाऊन बघते तर पलंगाच्या कडेला बसलेले, एका हातानं कपाटाची कडी घट्ट धरून. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हात मात्र गार आणि ओलसर. मळमळतंय, गरगरतंय म्हणाले. नाव, वार, आपण कुठे आहोत, सगळं बरोबर सांगितलं, म्हणून जरा धीर आला. दोघांनी धरून पुढे आणलं, शर्ट काढला, पायांखाली उशा दिल्या, मानेवर आणि काखेत ओले टॉवेल ठेवले, पंखा थेट अंगावर लावला आणि ओआरएस घोट घोट पाजलं. अर्ध्या तासात स्वतःहून म्हणाले, "बघताय काय सगळे? मला काही झालेलं नाही."

ते असंबद्ध बोलले असते, भान हरपलं असतं किंवा ताप ४०च्या वर असता तर तो उष्माघात. तिथे घरगुती उपायांवर वेळ काढायचा नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहायचं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की तहान कमी लागते, आणि बाबांची रक्तदाबाची गोळी लघवी जास्त करवणारी होती. सहलीआधी गोळ्यांबद्दल विचारून घ्या, स्वतःच्या मनानं बंद करू नका. आता आम्ही "पाणी हवंय का?" असं विचारतच नाही. उत्तर ठरलेलं असतं, "नको." पेलाच हातात देतो आणि संपेपर्यंत गप्पा मारत उभं राहतो.

*

बाप रे! बाबांना नमस्कार.

आमच्याकडे म्हातारी कुत्री आहे. तिला एसीत ठेवून फिरायला जायचो, पण वीज गेली तर तिला दार उघडता येत नाही. आता आतलं तापमान फोनवर कळवणारं यंत्र आहे, तरी फार लांब जात नाही. डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवता आला नाही तर तिला तिथे चालवत नाही.

*

टायर! उन्हाळ्यात फुटतात ते बहुतेक हवा कमी असल्यानं. कमी हवेत टायर जास्त दबतो, दबून तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. चालून तापला की दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडणारे महाभाग भेटलेत मला, तेवढं करू नका. उन्हाकडच्या बाजूचा आकडा दुसरीपेक्षा जास्त दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

*

रात्रीचं कुणी लिहिणार आहे का? तर आमची रात्र: बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की छताचा पंखा बाहेर फेकणारा लावायचा आणि डोक्याजवळची एकच खिडकी उघडायची. सगळ्या उघडल्या तर झोत मिळत नाही. जनरेटरवाल्यांच्या शेजारी असाल तर त्या बाजूची खिडकी बंदच ठेवा. जनरेटरच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याच्या अलार्मची बॅटरी तपासा.

आणि हो, फार तापलेल्या दिवसानंतर संध्याकाळी वावटळ येऊ शकते. खुर्ची सोडून कुठेही जाताना ऑनिंग (गाडीच्या बाजूला सावलीसाठी ओढतात ते कापडी छत) गुंडाळा. शेजाऱ्यांचं उलटून त्यांच्याच छतावर गेलं होतं, तेही आंघोळीला गेलेले असताना.

*

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जातोय, भाड्याची गाडी. लहान मुलं आहेत. ताब्यात घेताना काय बघू?

*

एसी वीस मिनिटं चालवून झोतात थर्मामीटर धरा, फिल्टर काढून बघा. धुळीनं भरलेला असेल तर त्यांच्यासमोरच धुवून घ्या. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. फार जुने निघाले तर दुसरी गाडी मागा. फ्रीज निघायच्या आदल्या रात्रीच चालू करून द्यायला सांगा. आणि कॅम्पवर उन्हात पडलेल्या पाईपमधलं सुरुवातीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते वाहून जाऊ द्या, मगच मुलांना पाईप द्या.