इन्सुलिनच्या मात्रेत झालेली चूक आणि केस पेपरमधील नोंद

प्रश्न : रात्रपाळीतील परिचारिका, पुणे

मी जी. एन. एम. झालेली, नोंदणीकृत परिचारिका असून पुण्यातील एका खासगी रुग्णालयात चार वर्षांपासून काम करते. मागच्या आठवड्यात रात्रपाळीला माझ्याकडे १८ रुग्ण होते आणि सोबतीला एकच शिकाऊ मुलगी होती. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेल्या एका वयस्कर रुग्णाची जेवणाआधीची साखर बरीच जास्त आली, म्हणून मी निवासी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी १२ युनिट साधे इन्सुलिन देण्यास तोंडी सांगितले. वॉर्डमधील कुपी संपली होती. रुग्णाच्या मुलाने घरून आणलेली त्याच इन्सुलिनची, इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालायची कार्ट्रिज फ्रिजमध्ये होती, तिच्यातून मी लाल टोपणाच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढले. कार्ट्रिजमधील औषध मिलिलिटरला १०० युनिटचे असते आणि लाल टोपणाची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटच्या कुपीसाठी असते, हे मला शिकवलेले आहे, पण त्या घाईत ते लक्षात आले नाही. १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिलिलिटर, त्यामुळे प्रत्यक्षात रुग्णाला ३० युनिट गेले.

पावणेअकराच्या सुमारास रुग्ण घामाने निथळत होता आणि साखर ४१ पर्यंत घसरली होती. २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) १०० मिलिलिटर शिरेतून दिल्यावर तो शुद्धीवर येऊन बोलू लागला आणि त्यानंतर मी रात्रभर दर तासाला साखर तपासली. सकाळी इनचार्ज सिस्टरांना मी सगळे खरे सांगितले. त्यांनी मला बाजूला घेऊन बजावले की, "रुग्णाने जेवण कमी घेतल्यामुळे साखर उतरली" असे फाइलमध्ये लिही, इन्सिडंट रिपोर्ट (चुकीची घटना रुग्णालयाला कळवण्याचा फॉर्म) भरू नकोस आणि मुलाशी काही बोलू नकोस, कारण पुढच्या महिन्यात मानांकनाची तपासणी आहे. मी अजून तसे लिहिलेले नाही. माझ्या अक्षरात "साखर ४१, डेक्स्ट्रोज दिले" एवढेच आहे. रुग्ण अद्याप दाखल आहे. खरे लिहिले तर माझ्यावर पोलीस केस होईल का, आणि मुलाला सांगणे ही माझी जबाबदारी आहे का?

उत्तर १ : निवृत्त मेट्रन, कर्वेनगर

सिस्टर, कायद्याचे जाणकार कायद्याचे सांगतील. मी आधी रुग्णाचे बोलते, कारण तो अजून तुमच्याच वॉर्डात आहे. "जेवण कमी घेतले" ही नोंद वाचून सकाळच्या राउंडला डॉक्टर काय करतील, याचा विचार करा. ते इन्सुलिनची मात्रा कमी करतील, साखर पुन्हा चढेल आणि पायाची जखम भरणार नाही. म्हणजे ही खोटी ओळ केवळ तुमची चूक झाकत नाही, तर पुढच्या उपचाराची दिशाच बदलते. शिवाय ती कार्ट्रिज अजून त्याच फ्रिजमध्ये असेल आणि उद्या दुसरी कोणी सिस्टर तिच्यातून तशीच मात्रा ओढेल. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढण्याची सवयच मुळात चुकीची आहे, आणि वॉर्डात कुपी संपल्यावर रात्री ती कुठून मिळवायची याची सोय नसणे हा तुमचा एकटीचा दोष नाही.

नोंद आजच करा. जुन्या दोन ओळींच्या मधल्या जागेत काही घुसवू नका, पान बदलू नका आणि पांढरी शाई वापरू नका. शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख आणि आत्ताची वेळ घालून "उशिरा केलेली नोंद" असे लिहा. त्यानंतर कोणत्या वेळी, कोणाच्या तोंडी आदेशावरून, कोणत्या सिरिंजने किती औषध गेले, लक्षणे कधी दिसली, डॉक्टरांना कधी कळवले आणि काय उपचार दिले, एवढेच क्रमाने लिहून सही करा. वॉर्डात माणसे कमी होती, कुपी नव्हती, ही कारणे केस पेपरमध्ये नव्हे तर इन्सिडंट रिपोर्टमध्ये लिहायची असतात. तिथे मात्र ती संकोच न करता लिहा. फोनवरचा आदेश ऐकल्यावर तो परत वाचून दाखवला होता का आणि त्यावर डॉक्टरांची सही नंतर घेतली का, हेही तपासा. बहुतेक वॉर्डांत ही सही राहूनच जाते आणि मग कागदावर आदेश देणारे कोणीच नसते.

उत्तर २ : वकील, शिवाजीनगर

आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. रुग्ण वाचला असल्यामुळे निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम येथे लागू होत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याला ३ महिन्यांपर्यंत, दुखापत झाल्यास ६ महिन्यांपर्यंत आणि गंभीर दुखापत झाल्यास ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात, वैद्यकीय कामातील प्रत्येक चूक फौजदारी गुन्हा ठरत नाही, त्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, म्हणजे अतिशय गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि तपासापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञांचे मत घ्यावे, असे स्पष्ट केले. चूक लक्षात येताच आपण उपचार केले आणि दर तासाला साखर तपासली, ही वस्तुस्थिती आपल्या बाजूने आहे. परंतु ती कागदावर असली, तरच.

येथे एक गोष्ट परिचारिकांनी जाणून घ्यावी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ती मर्यादा २ वर्षे आहे. या व्यावसायिकाची व्याख्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरती आहे. परिचारिका परिषदेकडील नोंदणीमुळे ही सवलत मिळत नाही. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांना कायदा वेगवेगळ्या मापाने मोजतो, हे मला व्यक्तिशः अन्यायकारक वाटते, पण आजची तरतूद अशी आहे.

खोटी नोंद हा मात्र वेगळाच विषय आहे. इन्सुलिनची चूक नजरचुकीने झाली, तर जेवणाची ओळ जाणूनबुजून लिहिली जाईल. प्रकरण उलटल्यास बनावट दस्तऐवजाची कलमे पुढे येऊ शकतात, आणि त्या वेळी सही इनचार्ज सिस्टरांची नसेल, आपली असेल.

भरपाईच्या बाबतीत मुख्य भार रुग्णालयावर येतो. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिल्याने एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरून मुलासाठी १२.५ लाख आणि पालकांसाठी ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली.

उत्तर ३ : परिचारिका, पिंपरी

मी आपल्या जागी असते, तर आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला असता. उद्या पान बदलले गेले, तर पुरावा कोणाकडे राहणार?

उत्तर ४ : निवृत्त मेट्रन, कर्वेनगर

ही भीती मला समजते, परंतु रुग्णाच्या फाइलचा फोटो खासगी मोबाइलमध्ये असणे हाच गोपनीयतेचा भंग आहे. तो एकदा ग्रुपवर गेला की मूळ चूक बाजूला राहते आणि चौकशी तुमची सुरू होते. त्यापेक्षा रुग्णाचे नाव न लिहिता, दिनांक आणि वेळेसह, इन्सिडंट रिपोर्ट दिल्याची ईमेल नर्सिंग सुपरिंटेंडेंटना पाठवा. ईमेलवर वेळ आपोआप उमटते.

उत्तर ५ : रुग्णाचा नातेवाईक, धनकवडी

मी परिचारिका नाही. माझ्या वडिलांच्या औषधात एकदा अशीच चूक झाली होती आणि ती आम्हाला डिस्चार्जनंतर दुसऱ्याच डॉक्टरांकडून कळली. चुकीचा राग महिन्याभरात ओसरला, लपवल्याचा अजून ओसरलेला नाही. कृपया त्या मुलाला सांगितले जाईल असे पाहा.

उत्तर ६ : वकील, शिवाजीनगर

या मुद्द्यावर एवढेच जोडतो की, मुलाला सांगण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करावे आणि आपण त्या वेळी हजर असावे. आपण एकटीने, रात्री, कॉरिडॉरमध्ये सांगू नये. परंतु मुलाने थेट विचारलेच, तर खोटे उत्तर देण्यास आपण बांधील नाही. "डॉक्टर सविस्तर सांगतील" हे उत्तर पुरेसे आहे.

प्रश्नकर्ती, तीन दिवसांनंतर

सर्वांचे आभार. उशिरा केलेली नोंद मी लिहिली आणि फोनवरील आदेशावर निवासी डॉक्टरांची सही घेतली. त्यांनी ती थोड्या नाराजीने, पण केली. मुख्य डॉक्टरांनी मुलाला माझ्यासमोर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता आणि मग घरची कार्ट्रिज परत मागून घेऊन गेला. इन्सिडंट रिपोर्टचा फॉर्म इनचार्ज सिस्टरांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, म्हणून मेट्रन मॅडमनी सुचवल्याप्रमाणे सुपरिंटेंडेंटना ईमेल केली. त्या ईमेलचे उत्तर अजून आलेले नाही.