शब्दचर्चा : ‘नी दे आकी, नी दे आया’ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एक स्पॅनिश वाक्प्रचार दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये, त्याला चांगला मराठी शब्द हवाय. ‘नी दे आकी, नी दे आया’, शब्दशः ना इथला ना तिथला. अमेरिकेतली मेक्सिकन माणसं स्वतःबद्दल हे सारखं म्हणतात.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. शेजारचं कुटुंब मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातलं, आजी, मुलगा-सून आणि पंधरा वर्षांची नात. नात डिसेंबरात पहिल्यांदा गावी जाऊन आली. इथे शाळेत ती ‘मेक्सिकन’, तिकडे भावंडांनी ‘ग्रिंगा’, म्हणजे परकी अमेरिकन, म्हटलं आणि शिवाय स्पॅनिश धड येत नाही म्हणून ‘नो साबो’ असं चिडवलं. आजीला इंग्रजी कमी येतं, मला स्पॅनिश कमी येतं, त्यामुळे आजी मला हे सांगत होती आणि मधे बसून नातच त्याचं भाषांतर करून देत होती, म्हणजे स्वतःचा अपमान तिने स्वतःच दुसऱ्या भाषेत सांगितला, आणि शेवटी आजी हे वाक्य म्हणाली तेव्हा मात्र ती गप्प बसली. मला ते फार लागलं. माझीही मुलगी इथेच वाढतेय.

* * *

त्रिशंकू आहे की. नाहीतर ‘अधांतरी’. आणि ‘धड ना इथला धड ना तिथला’ तर जसाच्या तसा आहे आपल्याकडे.

* * *

मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते म्हणून आधी ‘नो साबो’बद्दल लिहिते, कारण तो शब्द कळला तर बाकीचं सोपं होईल.

‘मला माहीत नाही’ला स्पॅनिशमध्ये ‘नो से’ म्हणतात. पण ‘कोमेर’ म्हणजे खाणे, त्याचं ‘मी खातो’ होतं ‘कोमो’. ‘बेबेर’ म्हणजे पिणे, त्याचं ‘बेबो’. मग ‘साबेर’ म्हणजे माहीत असणे, त्याचं ‘साबो’ व्हायला हवं ना? नियमाने हवंच, पण होत नाही. आपल्याकडे लहान मुलं बसलं, पळलं ऐकून ‘मी करलं’ म्हणतात, ‘केलं’ नंतर येतं, तसंच हे आहे. मेक्सिकोतली दोन-तीन वर्षांची पोरंही ‘साबो’ म्हणतात आणि आई हसून जवळ घेते. तेच पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आलं की ती शिवी होते. खरं तर ‘साबो’ म्हणणाऱ्याला नियम बरोबर कळलेला असतो, अपवाद ऐकायला मिळालेला नसतो, कारण घराबाहेर ती भाषाच नसते.

त्याच घराण्यातला जुना शब्द ‘पोचो’. स्पेनमध्ये जास्त पिकून नासत चाललेल्या फळाला पोचो म्हणतात, मेक्सिकोत तो अमेरिकाळलेल्या, मोडकं स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन माणसासाठी वापरतात. कानाला आपला ‘पोचट’ आठवतो, संबंध काही नाही, पण छटा तीच, दाणा दिसतो पण आत भरलेला नाही.

आता हे स्पॅनिश गेलं कुठे ते बघा. टेक्सासमध्ये मार्फा नावाचं गाव आहे, तिथे मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. १९५४ साली तिथे मुलांना ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ असं चिठ्ठ्यांवर लिहायला लावलं, चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ त्या पेटीचं दफन केलं. रीतसर अंत्ययात्रा. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. नैऋत्य अमेरिकेत अशा शाळा खूप होत्या, स्पॅनिश बोललं म्हणून छड्या बसायच्या, आणि ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यातल्या अनेकांनी पुढे आपल्या मुलांशी घरात मुद्दाम इंग्रजीच बोलायचं ठरवलं, मुलांना मार बसू नये म्हणून. कितीतरी नो साबो घरांमागे एखादी अशी घाबरलेली आजी असते. तिच्या नातवंडांना हसायचं म्हणजे त्या छडीच्या बाजूने उभं राहायचं असं मला वाटतं, वर्गातही मी हेच सांगते.

* * *

मी स्पॅनिशमधला नाही, पण माझे वडील लालबागला गिरणीत होते, म्हणून एक शब्द सुचवतो. चाकरमानी.

१९४२ ते १९६४ अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून शेतमजूर आणले, एकूण ४५ लाखांच्या वर करारपत्रं झाली. त्या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणायचे. ‘ब्रासो’ म्हणजे हात, ब्रासेरो म्हणजे हातांनी कष्ट करणारा. आपण हातावर पोट म्हणतो तोच हात. नावातच करार आहे, हात इकडे पाठवा, बाकीचा माणूस तिकडेच राहू दे. चाकरमानी शब्दातही चाकरी आधी येते, माणूस नंतर.

आणि दुसरा शब्द ‘पाइसानो’, म्हणजे अगदी आपला ‘गाववाला’. मेक्सिकोतल्या साकातेकास वगैरे राज्यांतल्या माणसांनी अमेरिकेत गावागावाची मंडळं काढली, आमच्या ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांच्यासारखीच. मंडळाने गावच्या रस्त्यासाठी, पाण्याच्या टाकीसाठी एक पेसो काढला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालायची, ‘तीनास एक’ नावाची योजनाच होती. वडिलांची मंडळाची पावतीपुस्तकं मी पाहिलीयत, खोलीत माणसं दाटीने झोपायची आणि गावातल्या देवळाचं छप्पर नवं व्हायचं. अशा माणसाला अधांतरी कसं म्हणायचं? त्याचे दोन्ही पाय टेकलेले होते, फक्त लांब लांब होते.

* * *

त्रिशंकू मलाही पटत नाही. त्रिशंकूला स्वर्गात घेतलं नाही म्हणून तो लटकला, त्याची खाली कोणी वाट बघत नव्हतं.

मला वाटतं सासर-माहेर हा आपल्याकडचा खरा शब्द आहे. बाई दोन घरची असते, दोन्हीकडे तिला थोडं परकं धरतात, तरी दोन्हीकडच्या वाती तीच लावते. तिला कोणी त्रिशंकू म्हणत नाही, माहेरवाशीण म्हणतात आणि ओटी भरतात. १९९८ पासून मेक्सिकोत कायदा आहे की जन्माने मेक्सिकन असलेल्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरी मूळचं जात नाही. आपल्याला अमेरिकन पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो आणि व्हिसाशिवाय येजा करायची तर परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. म्हणजे त्यांचं माहेर कागदावर तरी शाबूत आहे.

* * *

वरच्या ताई, सासर-माहेर वाचून डोळ्यात पाणी आलं. पण एक अडचण सांगते. माहेरी जाता यायला हवं ना. पूर्वी मेक्सिकन मजूर सुगीला यायचा, सणाला परत जायचा, सीमा ओलांडणं अवघड होतं पण जमायचं. १९९४ पासून सॅन दिएगोच्या बाजूला पहारा फार कडक केला, मग लोक वाळवंटातून यायला लागले, आणि १९९६ च्या कायद्याने कागदपत्रांशिवाय वर्षभर राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की त्याला दहा वर्षं परत यायची बंदी झाली. त्यामुळे झालं काय, की जो आला तो अडकला. शेजारच्या आजी बावीस वर्षं गेलेल्या नाहीत. आई वारली तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून प्रार्थना ऐकली त्यांनी. नात इथे जन्मलेली म्हणून ती जाऊ शकते. म्हणजे माहेर आजीचं आणि जाते नात, आणि तिला तिथे ग्रिंगा म्हणतात. नवीनच शब्द लागेल ह्याला.

* * *

शब्द स्पॅनिशमध्ये शोधू नका, नाहुआत्लमध्ये शोधा. स्पॅनिश यायच्या आधीपासूनची ती मेक्सिकोतली भाषा, आपल्या ताटातला टोमॅटो आणि चिकू तिच्यातूनच आलेत. तिच्यात ‘नेपांतला’ असा शब्द आहे, अर्थ मधोमध. सोळाव्या शतकात दिएगो दुरान नावाचा स्पॅनिश धर्मगुरू तिथल्या एका मूळ रहिवाशाला रागावला की एवढ्या कष्टाने जमवलेला पैसा लग्नात उधळलास. त्यावर तो म्हणाला, फादर, आश्चर्य करू नका, आम्ही अजून नेपांतलाच आहोत. जुना धर्म सुटलेला, नवा अंगात मुरलेला नाही. दुरानने लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. चारशे वर्षांनी टेक्सासच्या लेखिका ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी तोच शब्द सीमेवर वाढलेल्या माणसांसाठी उचलला, पण त्यांनी त्याला वेदनेबरोबर नवं काही घडण्याची जागाही मानलं.

मराठी कानाला मजा म्हणजे इथला, तिथला, नेपांतला. निव्वळ योगायोग, पण यमक काय जुळलंय!

भाषांतर म्हणाल तर मी माजघर म्हणेन. ओटी बाहेरच्यांची, स्वयंपाकघर आतलं, आणि मधे माजघर. आमच्या वाड्यात बाळंतपणं तिथेच झाली, आजारी माणूस तिथेच झोपायचा, धान्याची कणगीही तिथेच. मधलं आहे म्हणून ते कोणाचंच नाही असं कोणी म्हणत नसे.

* * *

माजघर! मिळाला शब्द. दादा, मनापासून आभार.

काल तिकडे जाऊन सांगितलं. नातीला नेपांतला माहीत नव्हता, तिने वहीत लिहून घेतला आणि आजीला विचारलं तुला येतं का नाहुआत्ल. आजी म्हणाल्या आमच्याकडे नाहुआत्ल नाही, आमची पुरेपेचा. त्यांची आई पुरेपेचा बोलायची, बाजारात गेलं की लोक हसायचे म्हणून तिने आजीशी फक्त स्पॅनिश ठेवलं. आजीला आता मोजके शब्द येतात. कोरुंदा, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला, मक्याच्या पिठाचा तिकोनी तामाल. आणि हुआराचे, चामड्याची चप्पल, तोही पुरेपेचातूनच आलाय म्हणतात. अजून आठवायला आजी बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. नात म्हणाली, म्हणजे तूसुद्धा नो साबोच की आजी, आणि आजी इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले.

वहीत आत्तापर्यंत सात शब्द झालेत. कोणाला ऑनलाइन पुरेपेचा शिकवणारं कोणी माहीत असेल तर कृपया इथे लिहा, मी तिला सांगेन.